अराता नावाचा नीलकंठ

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर तुम्ही कधी फुटबॉलची मॅच पाहिली असेल, तर माझी तक्रार तुम्हाला पटेल. प्रेक्षक आणि हिरवळ यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल ते, धावणाऱ्यांची सोय आधी बघितलेली. त्यामुळे फुटबॉलपटू इतके लांब दिसतात की चेहरा कळतच नाही. माणूस ओळखायचा तो चालीवरून, खांद्यांवरून, चेंडू नसताना तो काय करतो त्यावरून.

पुणे एफसीचा एक मिडफिल्डर तसा चटकन ओळखू यायचा. उंचीनं बेताचा, सतत पळता. चेंडू पलीकडच्या टोकाला असला तरी हा मान वळवून मागे कोण आहे ते बघत राहायचा. एकदा माझ्या पुढच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी शेंगदाण्याची पुडी शेजारच्याकडे सरकवत विचारलं, "हा मणिपूरचा का हो?" शेजारचा म्हणाला, "मिझोरामचा असेल." दोघांचं तेवढ्यावर समाधान झालं आणि ते पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले.

तो मणिपूरचाही नव्हता आणि मिझोरामचाही नव्हता. तो जपानचा होता, अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधल्या यामागुची प्रांतातला. आई जपानी, वडील गुजराती. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि मधूनच त्याच्यासारख्या आणखी दोघांबद्दल.

फुटबॉलमध्ये एक जमात असते. त्यांचे फोटो भिंतीवर लागत नाहीत, त्यांच्या नावाच्या जर्सी कोणी विकत घेत नाही. एक करार संपला की दुसरा, एक गाव सुटलं की पुढचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. पण लीग चालते ती यांच्या जिवावर. प्रत्येक संघात तारे दोन किंवा तीन, बाकी सगळे हेच.

अराता त्या जमातीतला. सुरुवातीला तो सिंगापूरच्या लीगमध्ये खेळला, आल्बिरेक्स निगाता नावाच्या संघाकडून. हा संघ गंमतीचा होता. एका जपानी क्लबनं सिंगापुरात काढलेली शाखा, त्यात तेव्हा बहुतेक सगळे जपानीच. परदेशात जाऊनही देशातच राहिल्यासारखं. जपानमध्ये तो मित्सुबिशी मोटर्सच्या मिझुशिमा कारखान्याच्या संघात होता. मग २००६ मध्ये कोलकात्याला आला, ईस्ट बंगालकडे. तिथून मुंबईला, महिंद्रा युनायटेडमध्ये. म्हणजे मित्सुबिशीच्या गाड्यांवरून महिंद्राच्या गाड्यांवर. जपान काय किंवा आपण काय, कारखान्यांनी फुटबॉलचे संघ पोसायचे ही रीत दोन्हीकडे सारखीच.

२००९ मध्ये तो पुण्यात आला. महिंद्राचे प्रशिक्षक, गोव्याचे डेरिक परेरा, त्याच सुमारास पुणे एफसीकडे आले होते. संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, नवाकोरा, आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. पुढे २०१२-१३ मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. ज्या शहरात फुटबॉल म्हटलं की लोक लष्कर भागाकडे बोट दाखवतात, तिथे ही कामगिरी लहान नव्हती. वर्तमानपत्रांत तिला जागा मात्र मिळाली ती क्रिकेटच्या खाली, चौकटीत.

इथवरची गोष्ट कुठल्याही फिरत्या खेळाडूची असते. पुढची तशी नाही.

अराताला भारताकडून खेळायचं होतं. वडील भारतीय, नोकरी भारतात, मुक्काम भारतात. कोणालाही वाटेल, मग अडचण कसली? अडचण कायद्याची. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मंडळींसाठी ओसीआय कार्ड आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ते निळसर पुस्तक असेल, भाच्याचं किंवा नातीचं. दिसायला अगदी पासपोर्टसारखं, त्यावर नावही "भारताचा परदेशस्थ नागरिक" असं भारदस्त. पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि देशाची जर्सीही घालता येत नाही. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयानं स्पष्टच केलं की भारताचं प्रतिनिधित्व करायचं तर भारतीय पासपोर्टच हवा.

बरं, आपण एक कडक, तर जपान दुसरा. जपानी नागरिकानं स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की त्याचं जपानी नागरिकत्व तिथल्या तिथे संपतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि इथे तर दोन्ही म्यानं तसलीच. आईच्या देशाचा पासपोर्ट ठेवायचा किंवा वडिलांच्या देशाचा घ्यायचा, तिसरी वाट नाही.

जपानी पासपोर्ट ही काय चीज आहे, हे परदेशी वकिलातीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको. आपण बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, पगाराच्या चिठ्ठ्या, परतीचं तिकीट असं बाड काखेत घेऊन उभे राहतो. जपानी माणूस बहुतेक देशांत थेट विमानतळावर उतरतो. ती सोय सोडून आपल्या रांगेत येऊन उभं राहायचं, आणि तेही फुटबॉलसाठी!

त्यानं ते केलं. २०१२ मध्ये त्याला भारतीय नागरिकत्व मिळालं. भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. जपानीत अराता म्हणजे नवा आणि इझुमी म्हणजे झरा. इकडचं नाव महादेवाचं. इतकी चांगली दोन नावं एका माणसाला मिळावीत, हेही नवलच.

यात क्लबाचा फायदाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. आय-लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. कालपर्यंत परदेशी म्हणून मोजलेला माणूस आज भारतीय झाला की क्लबाची एक परदेशी जागा मोकळी होते. तेव्हा कोणी टोमणाही मारला असेल की हा सगळा कोट्याचा हिशेब. मला तसं वाटत नाही. कोट्याच्या जागेसाठी क्लब बदलता येतो, आईचा देश कोणी बदलत नाही.

६ फेब्रुवारी २०१३. कोचीमध्ये भारत विरुद्ध पॅलेस्टाईन, मैत्रीपूर्ण सामना. भारताचे प्रशिक्षक होते हॉलंडचे विम कोव्हरमान्स. अराता निळ्या जर्सीत उतरला. परदेशात जन्मलेला, परदेशी नागरिकत्व सोडून आलेला खेळाडू भारताच्या फुटबॉल संघात असा पहिल्यांदाच दिसत होता. भारत ४-२ असा हरला. अराताचं वय तेव्हा तीस. मधल्या फळीत पळणाऱ्या माणसाचं तीस म्हणजे संध्याकाळचे पाच वाजले असं समजा, उजेड आहे पण सावल्या लांबलेल्या.

भारताकडून तो एकूण नऊ सामने खेळला.

आता यावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, नऊ सामन्यांसाठी कशाला एवढा खटाटोप? दुसरे म्हणतात, जगभर आपल्या वंशाचे खेळाडू पसरलेत, सगळ्यांना दार उघडा, बघा संघ कसा वर येतो. मला दोन्ही बाजू आततायी वाटतात. दार उघडल्यानं जादू होणार नाही. तिकडे पहिल्या फळीत खेळणारा पोरगा इकडे येणार नाही, येईल तो तिकडे जागा न मिळालेला. आणि आपल्याकडे शाळांना मैदानं नसताना बाहेरून माणसं आणणं म्हणजे विहिरीला पाणी नाही म्हणून टँकर बोलावणं. टँकरनं आजची तहान भागते, एवढंच. पण टँकर घेऊन जो स्वतःच्या खर्चानं आला, त्याला "उशीर का केलास" असं विचारायचं नसतं. उशीर त्याच्यामुळे झाला नव्हता. त्याच्या कागदांना जेवढी वर्षं लागली, तेवढी त्याच्या पायांतून वजा झाली.

दुसरं उदाहरण मायकेल चोप्राचं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जन्मलेला, वडिलांकडून भारतीय वंशाचा. हा तर खरा भटक्या. न्यूकॅसल, वॉटफर्ड, बार्न्सली, कार्डिफ, संडरलँड, इप्सविच, ब्लॅकपूल, मध्येच स्कॉटलंडमधलं अलोआ. एप्रिल २००६ मध्ये न्यूकॅसलकडून शेजारच्या, कट्टर वैरी संडरलँडविरुद्ध बदली म्हणून आला आणि पंधराएक सेकंदांत गोल केला. पुढच्याच वर्षी त्याच संडरलँडनं त्याला विकत घेतलं, आणि पहिल्या मॅचला टॉटनहॅमविरुद्ध शेवटच्या क्षणी त्यानं त्यांच्यासाठी गोल केला. मुंबईकराला सांगायचं तर हे म्हणजे दादरची एकांकिका गाजवून गिरगावच्या मंडळात नाव घालण्यासारखं. गावातलं वैर फार मोठं असतं.

चोप्राही भारताकडून खेळण्याची इच्छा बोलून दाखवायचा. पण ब्रिटिश पासपोर्ट सोडायची वेळ आली आणि गाडी तिथेच थांबली. तो भारतात आला तो केरळ ब्लास्टर्सचा परदेशी खेळाडू म्हणून, २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये. मी त्याला दोष देत नाही. इंग्लंडमध्ये ज्याची पोटापाण्याची व्यवस्था आहे, त्यानं तिथे काम करायचा हक्कच सोडावा, हे सांगणं आपल्याला सोपं आहे.

तिसरी गोष्ट थेट मुंबईपर्यंत येते. रायन विल्यम्स, जन्म ऑस्ट्रेलियात पर्थचा. आईकडचं घराणं मुंबईचं, अँग्लो-इंडियन. आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, मुंबईकडून खेळलेले. पोर्ट्समथ, फुलहॅम, ऑक्सफर्ड, बार्न्सली, रॉदरहॅम, पुन्हा पोर्ट्समथ, पुन्हा ऑक्सफर्ड, मग पर्थ, असं करत २०२३ मध्ये तो बंगळुरू एफसीत आला. जुळा भाऊ आरिन त्याच्या आधीच इंफाळच्या नेरोकाकडून खेळून गेला होता. ऑस्ट्रेलियाकडून रायन एकच सामना खेळला होता, २०१९ मध्ये बुसानला दक्षिण कोरियाविरुद्ध. तो मैत्रीपूर्ण होता, म्हणून फिफाच्या नियमांत देश बदलायला वाट उरली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यानं भारतीय पासपोर्ट घेतला. संघाबरोबर ढाक्याला गेला. पण ऑस्ट्रेलियाकडचा कागद आणि फिफाची मंजुरी वेळेत पोहोचली नाही. १८ तारखेला बांगलादेशनं आपल्याला १-० असं हरवलं, बावीस वर्षांनी. रायन त्या सामन्यात नव्हता. मंजुरी आली ती सामना होऊन गेल्यावर. कागद आणि पाय यांची शर्यत अराताच्या वेळी होती तशीच, फक्त या वेळी वर्षांऐवजी तासांची.

अराताचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये ॲटलेटिको डी कोलकाताकडून खेळला. त्या डिसेंबरात चेन्नईला पूर आला, मैदान खेळण्याजोगं राहिलं नाही, आणि उपांत्य फेरीतली कोलकात्याविरुद्धची चेन्नईची घरची लढत उचलून कुठे नेली असेल? बालेवाडीला. अराताचा संघ त्याच्याच जुन्या अंगणात पाहुणा म्हणून आला आणि ३-० असा हरला. पुढच्या वर्षी तो एफसी पुणे सिटीकडून पुन्हा पुण्यात, त्यानंतर कोचीला केरळ ब्लास्टर्सकडे. बूट काढून ठेवल्यावर नवी मुंबईत, रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना शिकवू लागला.

मुंबई-पुण्यातले त्याचे मघाशी सांगितलेले तीन क्लब बघा, त्यातला एकही आज उरलेला नाही. महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. खेळाडू फिरस्ता म्हणायचा, पण इथे तर तो जागेवर आणि क्लबच निघून गेले.

त्या शेंगदाणेवाल्या गृहस्थांची मला अजून आठवण येते. अराता परदेशी होता तेव्हा लोक त्याला बिनदिक्कत इथलाच समजत होते. पुढे तो रीतसर भारतीय झाला, त्याच्या बातम्या आल्या, आणि तेव्हापासून तेच लोक म्हणू लागले, "अरे, तो जपानी ना?"

त्याचे सामने इंटरनेटवर शोधावेसे वाटले, तर एक लक्षात ठेवा. नुसतं अराता इझुमी टाकून थांबू नका, नीलकंठ खंभोळजा टाकूनही बघा.