पहिल्या केंटकी डर्बीतली माणसं

मंडळी, केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट बहुतेक जण मेरिवेदर लुईस क्लार्कपासून सुरू करतात. हा गृहस्थ इंग्लंडची एप्सम डर्बी पाहून आला आणि केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात आपल्या मामांच्या जमिनीवर त्यानं शर्यतीचं मैदान उभं केलं. मामांचं आडनाव चर्चिल, म्हणून पुढे ‘चर्चिल डाउन्स’ हे नाव पडलं. हे सगळं खरंच आहे. पण मला तुम्हाला प्रेक्षकांच्या सज्जात न्यायचं नाही. पागेत न्यायचं आहे.

तारीख १७ मे १८७५. अंतर दीड मैल, घोडे १५, बघायला सुमारे दहा हजार माणसं. त्या १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते! अमेरिकेत गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्याआधी दक्षिणेतल्या जमीनदारांच्या पागा गुलामच सांभाळत. खरारा, दाणापाणी, शिंगराला लगामाची सवय लावणं, पाठीवर बसून त्याला पळवणं, सगळं त्यांच्याकडेच. मालकी दुसऱ्याची, विद्या यांची.

जिंकलेला घोडा ॲरिस्टाइडीज. त्याला तयार करणारे ॲन्सेल विल्यमसन स्वतः गुलाम म्हणून जगलेले, आणि त्याच्यावर बसला होता विशीच्या आतला ऑलिव्हर लुईस. खरं तर मालक मॅकग्राथची भिस्त चेसापीक या आपल्या दुसऱ्या घोड्यावर होती. ॲरिस्टाइडीजनं सुरुवातीला जोरात पळायचं, बाकीच्यांना दमवायचं आणि शेवटी चेसापीकनं बाजी मारायची, असा बेत. पण चेसापीक मागेच अडकला. कठड्याशी उभ्या मॅकग्राथनं हातानं इशारा केला, आणि लुईसनं आवरून धरलेला घोडा मोकळा सोडला.

पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीनं तीन: १८८४, १८९० आणि १८९१. १८९२ साली जिंकलेला अलोन्झो क्लेटन तर अवघा पंधरा वर्षांचा होता. हे आकडे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हीच माणसं मैदानातून दिसेनाशी झाली. ती आपणहून गेली नाहीत. बक्षिसं मोठी होत गेली तसे गोरे जॉकी संगनमत करू लागले. भर धावेत यांच्या घोड्यांना कठड्यावर दाबायचे, चाबूक मारायचे. मग आपल्या महागड्या घोड्याला इजा होईल या भीतीनं मालकांनीही त्यांना काम देणं बंद केलं.

१९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षं जिमी विंकफील्ड जिंकला. मग त्यालाही देश सोडून रशियात जाऊन घोडे पळवावे लागले. १९६१ साली डर्बीच्या निमित्तानं त्याला लुइव्हिलला मेजवानीचं आमंत्रण आलं. विंकफील्ड तेव्हा सत्तरी ओलांडलेला. मुलीला सोबत घेऊन तो हॉटेलच्या पुढच्या दारापाशी पोचला, आणि दरवानानं त्याला तिथंच अडवलं.