नवा पीसी गप्प कसा बसेल? कूलर, फॅन आणि बायोसमधल्या दोन सेटिंग्ज

नमस्कार मंडळी. नवा पीसी जोडला, चालू केला, विंडोज आलं, सगळं झक्कास. मग तुम्ही ब्राउझर उघडता आणि फॅन भर्रकन वर जातो. दोन सेकंदांत खाली येतो. दुसरा टॅब उघडला की पुन्हा भर्र. दिवसा टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्यांत ते कळत नाही. पण वन बीएचकेमध्ये रात्री अकरानंतर शेजारच्या गादीवर कुणी झोपलेलं असलं की शिव्या तुम्हालाच बसणार.

अशा वेळी लोक मला विचारतात, "दादा, कुठला कूलर घेऊ?" मी उलटा प्रश्न करतो: तुमचा प्रोसेसर वीज किती खातो? कारण जेवढी वीज आत, तेवढीच उष्णता बाहेर. ती उष्णता हलवायला हवा लागते आणि हवा हलली की आवाज आलाच. कूलरचं दुकान गाठायच्या आधी वॅट कमी करता येतात का ते बघायचं.

[स्क्रीनवर: रायझन ७ ७७०० आणि ७७००एक्स शेजारीशेजारी]

उदाहरण घेऊ एएमडीच्या दोन प्रोसेसरचं. रायझन ७ ७७०० आणि ७७००एक्स. दोन्ही आठ कोरचे, एकाच पिढीचे. बॉक्सवर एकाला ६५ वॅट लिहिलंय, दुसऱ्याला १०५. पण बॉक्सवरचा आकडा म्हणजे खरा खप नाही. मदरबोर्डावरच्या सॉकेटमधून प्रोसेसरने जास्तीत जास्त वीज किती घ्यायची याची मर्यादा पहिल्याला ८८ वॅट आहे आणि दुसऱ्याला १४२. म्हणजे पूर्ण लोडवर ५० वॅटच्या वर फरक, आणि गेममध्ये दोघांत जेमतेम काही टक्क्यांचं अंतर. एक्सवाला घेऊन बसला असाल तरी बिघडलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा, इको मोड शोधा, ६५ वॅट निवडा. खर्च शून्य. व्हिडिओ रेंडर थोडा रेंगाळेल, पण फॅनचा अर्धा आरडाओरडा तिथेच संपेल.

इंटेलवाल्यांनो, हसू नका. कोअर आय७ १४७००के वर १२५ वॅट लिहिलेलं असतं आणि टर्बोमध्ये तो २५३ वॅटपर्यंत जातो. बायोसमध्ये त्याचीही पॉवर लिमिट खाली आणता येते, आणि शांत पीसी हवा असेल तर आणाच.

आता तो मघाचा भर्र. या रायझनमध्ये सगळे कोर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर असतात, तो साधारण ७० चौरस मिलिमीटरचा. चौरस सेंटीमीटरही पूर्ण भरत नाही. एवढ्याशा जागेत एकदम ४०-५० वॅट ओतले की तापमान क्षणात १५-२० अंश उडी मारतं आणि तितक्याच पटकन खाली येतं. वरचा धातूचा कूलर अजून कोमटही झालेला नसतो. पण मदरबोर्डाला आकडा तेवढा दिसतो आणि तो फॅन पळवतो. सिग्नल हिरवा होताच पिळून स्कूटर काढणारा आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारणारा माणूस जसा, तसं. पोहोचत कुठेच लवकर नाही, नुसता गोंगाट.

कानाला त्रास होतो तो या चढउताराचा. एकसुरी, मंद आवाज दहा मिनिटांत ऐकू यायचा बंद होतो, वरखाली होणारा होत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे बायोसमधला फॅन कर्व्ह, किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरवायचा ती रेष. ७७०० वर चांगला टॉवर कूलर (उभ्या पत्र्यांच्या थप्पीला फॅन लावलेला) असेल तर ६० अंशांपर्यंत रेष सपाट ठेवा, ३० ते ३५ टक्क्यांवर. तिथून ७५ अंशांना ५० टक्के, ८५ ला ७०, आणि ९५ ला पूर्ण. यानंतर फॅनचा वेग वाढायला उशीर लावणारी सेटिंग शोधा. बोर्डागणिक तिचं नाव बदलतं, कुठे स्टेप अप, कुठे स्मूदिंग. चार-पाच सेकंद मिळत असतील तर देऊन टाका. बायोस नकोसं वाटत असेल तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचंच एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.

एवढं करूनही आवाज येतोय? मग आता कूलर बघू.

७७०० किंवा ७६०० बॉक्समध्ये घेतला तर सोबत एएमडीचा कूलर मिळतो. ७६०० सोबतचा रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा, त्यात उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, म्हणजे हीटपाइप नाहीत. चालतो, पण लोड आला की त्याच्या छोट्या फॅनला पळावं लागतं. इथे एक गणित लक्षात ठेवा, पुढची सगळी खरेदी त्यावर आहे. फॅनचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने पडतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि एकाच्या जागी तसेच दोन फॅन लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे १४०० आरपीएमवर (मिनिटाला १४०० फेऱ्या) धावणाऱ्या एका फॅनऐवजी ७०० वर फिरणारे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी.

[स्क्रीनवर: १ × १४०० आणि २ × ७००]

यात एक गोम आहे. वेग निम्मा झाला की फॅनचा दाब पाव होतो. समोर मोकळी जाळी असेल तर मंद फॅन आरामात हवा ओढतो. समोर काचेचं पॅनल आणि कडेला बोटभर फट असेल तर तो नुसता जागच्या जागी फिरत राहतो. काचेच्या तोंडाच्या कॅबिनेट दिसायला छान असतात, नाही कोण म्हणतंय. पण शांतता हवी असेल तर जाळीचं तोंडच घ्या. आवाज कोंडणारी फोम लावलेली बंद कॅबिनेट घ्यावी का? थंड देशात ठीक. आपल्याकडे मे महिन्यात तो फोम हवाही कोंडतो आणि फॅन आणखी पळतात.

तर कूलर. कमी पैशात माझी पहिली पसंती थर्मलराइट पिअरलेस असॅसिन १२० एसई. दोन टॉवर, सहा हीटपाइप, १२० मिलिमीटरचे दोन फॅन. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५, १४० मिलिमीटरचे दोन फॅन आणि त्या सुप्रसिद्ध तपकिरी रंगासकट. फॅनचा दर्जा, जोडणीचं सामान आणि पुढे नवं सॉकेट आलं की क्लिप पुरवण्याची सवय, यात नॉक्टुआ उजवा. पण त्याच्या पैशात थर्मलराइटचे दोन तरी येतात. ८८ वॅटच्या प्रोसेसरवर हा फरक कानाला किती कळेल? माझ्या मते फारसा नाही. उरलेले पैसे कॅबिनेटच्या फॅनमध्ये घाला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, त्याआधी टेप घेऊन उंची बघा. पिअरलेस असॅसिन १५५ मिलिमीटर, डी१५ थेट १६५. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची लिहिलेली असते, ती १६० असेल तर डी१५ लावल्यावर कॅबिनेटचं दार लागणार नाही. आणि रॅम उंच, दिव्यांची असेल तर पुढचा फॅन तिच्यावर चढतो. तो वर सरकवावा लागला की उंची आणखी वाढते.

"लिक्विड कूलर शांत असतो ना?" हे मला रोज ऐकायला मिळतं. नेहमीच नाही हो. त्यात फॅन आहेतच, वर पंप आहे, आणि पंप पीसी रिकामा बसलेला असतानाही चालू असतो. टॉवरचे फॅन अशा वेळी ५०० आरपीएमवर पेंगत असतात. आत हवेचा बुडबुडा अडकला तर गुळगुळ ऐकू येते. शिवाय नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडत राहतं. २५० वॅटचा प्रोसेसर मोकळा सोडायचा असेल तर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर रास्त आहे. पण रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी फॅनवाली जाळी, वरच्या बाजूला बसवा, म्हणजे हवा तिथे जमेल, पंपात नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर तो लावणं म्हणजे दिव्यांसाठी पैसे मोजणं. दिवे हवे असतील तर खुशाल लावा.

आता आपल्या हवेचं. परदेशी रिव्ह्यू बघताना एक गोष्ट हमखास सुटते. त्यांची खोली असते २१-२२ अंशांची. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. त्यांच्याकडे ७५ दाखवणारा सेटअप नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, ३७ अंशांच्या खोलीत, त्याच वेगाला ९० दाखवेल. घाबरू नका, त्या रायझनची मर्यादा ९५ आहे आणि तिथे तो स्वतःच वेग आवरतो. पण रिव्ह्यूमधला फॅन कर्व्ह जसाच्या तसा उचलू नका. मी तर दोन प्रोफाइल ठेवायला सांगतो, एक मार्च ते जूनचं आणि एक बाकीच्या वर्षाचं. गंमत अशी की पीसी जास्त ओरडतो त्या दिवसांत डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर असतो, त्यामुळे पीसी कुणाला ऐकूच येत नाही. खरी परीक्षा डिसेंबरच्या रात्री.

कॅबिनेटला पुढे १४० मिलिमीटरचे दोन आत ओढणारे, मागे १२० चा एक बाहेर टाकणारा, बास. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न शिरता जाळीतून येते, आणि जाळी धुता येते. शेजारी बांधकाम चालू असेल तर महिन्याला एकदा धुवा. फॅनवर ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. विकत घेताना फ्लुइड बेअरिंग आणि चार पिनचा पीडब्ल्यूएम फॅन (ज्याचा वेग बोर्डाला नीट कमीजास्त करता येतो) बघा. डब्यावरचे डेसिबल मात्र दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला वापरू नका. जो तो आपल्या पद्धतीने मोजतो, आणि मोजताना पुढे ना जाळी असते ना हीटसिंक.

फॅन कंट्रोलचा राहिलेला फायदा हा. गेममध्ये खरी भट्टी ग्राफिक्स कार्डाची असते, २०० वॅट सहज. पण बायोसला कार्डाचं तापमान सहसा दिसतच नाही, तो कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरकडे बघून फिरवतो. या सॉफ्टवेअरमध्ये ते कार्डाच्या तापमानाला बांधता येतात. कार्डाची पॉवर लिमिट दहा-पंधरा टक्के खाली घेतली तर फ्रेम थोड्या जातात आणि आवाज बराच.

हे सगळं झालं तरी काही आवाज राहतील, त्यांना कूलर जबाबदार नाही. ७२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क नव्या कॅबिनेटमध्ये टाकली असेल तर ती सेकंदाला १२० फेऱ्या घेते आणि पत्र्यातून घुमते. रबराच्या गुटक्यांवर बसवा किंवा बाहेर काढून यूएसबीने जोडायच्या वेगळ्या डबीत घाला. आणि गेमच्या मेनूत ग्राफिक्स कार्डातून किरर्र असा बारीक आवाज आला तर ती कॉइल व्हाइन, कार्डावरच्या तारेच्या कॉइल थरथरल्याचा आवाज. मेनूत कार्ड शेकडो फ्रेम उगाच काढत असतं, म्हणून मॉनिटरच्या हर्ट्झइतकी फ्रेम लिमिट लावा. तरीही किरकिर राहिली तर रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत मोबाइलवर रेकॉर्ड करून दुकानदाराला ऐकवा.