मुख्य अर्जदार कोण?

श्रोतेहो, चाळिशीनंतर शिक्षणाच्या निमित्ताने सहकुटुंब परदेशी जाण्याचा विषय निघाला की बोलणे सहसा शिकणाऱ्याभोवती फिरते. अभ्यासक्रम कोणता, फी किती, शहर कसे. मी आज दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, कारण आमच्या घरातून शिकायला गेले ते माझे पती, आणि मी गेले ती त्यांच्यामागून, कागदोपत्री ‘विद्यार्थ्याची जोडीदार’ म्हणून. ऑगस्ट २०१९मध्ये आम्ही नाशिक सोडले तेव्हा ते ४१ वर्षांचे होते आणि मी ३८ वर्षांची. मुलगा १३चा आणि मुलगी सातची. त्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात १७ वर्षे गुणवत्ता-तपासणीचे काम केले होते, मी एका पतसंस्थेत जमाखर्च पाहत होते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात किचनर येथे दोन वर्षांच्या पदविकेला त्यांना प्रवेश मिळाला होता आणि त्या पदविकेवर आम्ही घरातली बहुतेक शिल्लक लावली होती.

इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माणूस पुन्हा वर्गात का बसतो, याचे प्रामाणिक उत्तर ज्ञानाची ओढ हे नसते, निदान आमच्या बाबतीत नव्हते. कायम वास्तव्यासाठी, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो त्यासाठी, कॅनडात एक्स्प्रेस एंट्री नावाची गुणपद्धती आहे. तीत सपत्नीक अर्जदाराला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण मिळतात आणि तेही २० ते २९ या वयातच. तिशीपासून हे गुण दरवर्षी घटू लागतात. पस्तिशीत ७० उरतात, चाळिशीत ४५, ४४व्या वर्षी पाच आणि ४५व्या वर्षी शून्य. भारतात बसून अर्ज केला तर आमचे गुण कुठेच पोहोचत नव्हते. तिथले शिक्षण आणि तिथल्या नोकरीचा अनुभव यांनी वयाची ही तूट भरून काढायची, असा सल्ला आम्हाला मिळाला होता आणि तो वरवर पाहता चुकीचाही नव्हता.

या हिशेबातली फट आमच्या लक्षात आली ती तिकडे पोहोचल्यावर. विद्यार्थी असताना केलेले काम तिथल्या ‘कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लास’ या गटात अनुभव म्हणून धरले जात नाही. म्हणजे यांनी एप्रिल २०२१मध्ये पदविका संपवायची, मग नोकरी शोधायची, तीही कुशल गटात मोडणारी, ती एक वर्ष करायची आणि मग अर्ज भरायचा. तोवर ते ४४ वर्षांचे झाले असते आणि वयाचे गुण पाच उरले असते. दोन वर्षांच्या पदविकेने जे मिळवून द्यायचे, ते त्या दोन वर्षांच्या वाढत्या वयानेच खाऊन टाकले असते. हा हिशेब नाशिकमध्ये आम्हाला कोणीच मांडून दाखवला नव्हता. मी स्वतः हिशेबनीस असूनही तो मांडला नाही, याची बोच मला आजही आहे.

आम्हाला तारले ते माझ्या परमिटने. त्या काळी सरकारी कॉलेजात पदविका करणाऱ्याच्या जोडीदारालाही ओपन वर्क परमिट मिळत असे, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करण्याची मुभा. पहिले दोन महिने मी एका कॉफीच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहिले. ते काम कुशल गटात बसत नाही, हे एका शेजारणीकडून कळले तेव्हा मी दुकानांत विचारणे थांबवून लहान व्यवसायांना अर्ज पाठवू लागले. घरांना हीटर बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीने नोव्हेंबर २०१९मध्ये मला हिशेबनीस म्हणून घेतले. पगार बेताचा होता, पण हिशेबनिसाचे काम कुशल गटात धरले जाते आणि एवढे पुरेसे होते.

त्या नोकरीने आणखी एक गोष्ट केली, जी आधी ध्यानीमनी नव्हती. ओंटारिओचा सरकारी आरोग्यविमा परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. वर्क परमिटवर किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असलेल्याला मात्र तो मिळतो, आणि त्याच्या जोडीदाराला व मुलांनाही. थोडक्यात, शिकायला आलेल्या माणसाचा विमा त्याच्या मागून आलेल्या बायकोच्या नोकरीतून आला. मुलांच्या शाळेचा मान मात्र यांच्या पदविकेचा. तिच्यामुळे सरकारी शाळेत दोघांनाही फी पडली नाही. कॉलेजात यांना त्यांच्याहून २० वर्षांनी लहान मुले ‘अंकल’ म्हणत आणि हे गटप्रकल्पाचे सगळे टंकलेखन करून देत, हे जाता जाता सांगते.

नोव्हेंबर २०२०मध्ये माझे वर्ष भरले. इंग्रजीची परीक्षा मी आधीच दिली होती. एक्स्प्रेस एंट्रीत पती-पत्नींपैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो. तेव्हा एका रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन्ही बाजूंचे गुण मांडले. माझ्या ३९ वर्षांना ५० गुण होते, यांच्या ४२ वर्षांना २५, आणि यांच्याकडे धरता येण्यासारखा अनुभव नव्हताच. अर्ज माझ्या नावाने करायचा ठरले. हे काही बोलले नाहीत. आपल्या नावासमोर ‘अवलंबित’ असे वाचणे ४२व्या वर्षी कोणाही पुरुषाला जड जात असावे; मला ते ३८व्या वर्षी गेले होते.

पुढे जे झाले त्यात आमचे कर्तृत्व थोडे आहे. १३ फेब्रुवारी २०२१ या शनिवारी कॅनडाने एकाच फेरीत २७,३३२ जणांना अर्जाचे निमंत्रण पाठवले आणि किमान गुण ठेवले अवघे ७५. महासाथीमुळे बाहेरून लोक येऊ शकत नव्हते, म्हणून आत असलेल्यांना सरसकट घेण्यात आले. त्या ओघात आम्हीही गेलो. यांच्या अर्जाची वाट पाहिली असती तर काय झाले असते? माझ्या गटाच्या, म्हणजे कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लासच्या, फेऱ्या सप्टेंबर २०२१नंतर बंदच पडल्या आणि ६ जुलै २०२२ रोजी त्या गटासह सर्वांसाठी पहिली फेरी निघाली तेव्हा किमान गुण होते ५५७. माझ्यानंतर वर्षभराने आलेल्या, माझ्याहून चांगले इंग्रजी बोलणाऱ्या बायका मी परत जाताना पाहिल्या आहेत. त्यामुळे आमची गोष्ट कोणी नमुना म्हणून वापरू नये, ही विनंती.

शिवाय ज्या दारातून आम्ही गेलो ते आता तसे उघडे नाही. २१ जानेवारी २०२५पासून कॅनडात विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळते ते १६ महिने किंवा अधिक काळाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, पीएचडीला आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांना. साध्या पदविकेला नाही. एकट्या विद्यार्थ्याने दाखवायची निर्वाहाची रक्कमही १ जानेवारी २०२४ रोजी दहा हजार डॉलरवरून २०,६३५ झाली. ब्रिटनने त्याच दिवसापासून शिकवणीवर आधारलेल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्याची मुभा काढून घेतली. ती मुख्यतः संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरती उरली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून शिक्षणोत्तर कामाच्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५०वरून ३५वर आणली, म्हणजे चाळिशीतल्या माणसाने तिथे मास्टर्स करावे आणि निकालानंतर सामान बांधावे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, पण सवलतीचा विद्यार्थी-आरोग्यविमा तिशीला संपतो. हे नियम तरुण, एकट्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेले आहेत. बदल होतो तेव्हा कात्री प्रथम चालते ती जोडीदाराच्या आणि वयाच्या कलमावर, आणि मध्यमवयीन कुटुंबाचा सारा डोलारा नेमका त्याच दोन कलमांवर उभा असतो. म्हणून माझ्याकडे कोणी कॉलेजची माहितीपत्रके घेऊन आले की मी ती बाजूला ठेवते आणि सोबत जाणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, वय आणि तिला तिथे कोणते काम करता येईल, हे आधी विचारते. बहुतेक वेळा ती व्यक्ती आलेलीच नसते.

मुलांविषयी इथे सगळे विचारतात, तर एवढेच सांगते की धाकटीला काही कळले नाही आणि थोरल्याला सगळे कळले. तेराव्या वर्षी मित्र सुटतात ते पुन्हा तसे जमत नाहीत. तो दोन वर्षे घरी फक्त मराठीत बोलला, आणि तेही कमी. त्याचे अठरावे वर्ष पीआरनंतर उजाडले म्हणून त्याला कॉलेजची फी स्थानिक दराने पडली. बापाने भरलेल्या फीच्या पावत्या त्याने एकदा काढून पाहिल्या होत्या.

माझे वडील मे २०२१मध्ये नाशिकला वारले. २२ एप्रिलपासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने बंद केली होती. मी गेले असते तर परत केव्हा पोहोचले असते हे सांगता येत नव्हते, आणि घरातली एकमेव नोकरी माझी होती. मी गेले नाही.

आता शेवटी म्हातारपणाचे. तिथले वृद्धापकाळाचे सरकारी निवृत्तिवेतन पूर्ण मिळायला अठराव्या वर्षानंतर ४० वर्षांचे वास्तव्य लागते. ४१व्या वर्षी गेलेल्याची पासष्टीपर्यंत फार तर २४ होतात. यांची १७ वर्षांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम फीत गेली आणि पतसंस्थेतल्या माझ्या ठेवीही. हा हिशेब मात्र मी नाशिक सोडण्यापूर्वी मांडला होता. कॉलेज रोडचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकून कर्ज कमी करू, असे हे म्हणत होते आणि मी नाही म्हटले होते. तो भाड्याने दिलेला आहे.