एसी कुरकुरला की इंजिनाकडे बघा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी आहे. बाहेर पारा ४२-४३ वर, काचा वर, एसी चार नंबरवर, आणि तोंडावर येणारी हवा चुलीपुढं बसल्यासारखी. सिग्नल सुटतो, विजापूर रोडला गाडी जरा वेग घेते आणि हवा परत गार.

माझ्या गाडीत हे सुरू झालं तेव्हा मी गॅरेजला गेलो. "गॅस कमी झालाय साहेब," असं ऐकलं आणि भरून घेतला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा शेजारचे काका गेटवर आडवे आले. एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस. म्हणाले, "किती गॅस पिती बे तुझी गाडी? बॉनेट उघड. एसी लाव आणि हिथं ये." मी गेलो. "काय दिसालंय?" मला काहीच दिसत नव्हतं. "पंखा फिरंना झालाय की!"

आता याचं कारण. गाडीचा एसी आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. समोरच्या जाळीमागं, इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या अगदी पुढ्यात असतो तो. गाडी पळत असते तेव्हा वारा त्याला थंड करतो. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद असला की गॅसचा दाब चढत जातो आणि शेवटी प्रेशर स्विच गॅस दाबणारा कॉम्प्रेसरच बंद करून टाकतो. माझ्या गाडीत गॅस पहिल्या दिवसापासून पुरेसा होता.

आणि खरी भीतीची गोष्ट पुढं आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंडेन्सरला आणि रेडिएटरला पंखा एकच. एसीनं बोंब मारली होती, पण दुखणं इंजिनाचंही होतं. आणखी आठवडाभर मी तसाच फिरलो असतो, तर पुढच्या एखाद्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उकळलं असतं. म्हणून सांगतो, चढाला किंवा गर्दीत एसी अचानक मलूल झाला तर आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. इंजिन फार तापलं की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनावरचा भार हलका करायला.

काकांनी फ्यूजच्या डब्यातला हॉर्नचा रिले, म्हणजे वीज सोडणारा छोटा स्विच, काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला. दोन्ही एकाच नंबरचे होते. पंखा घरघरत सुरू झाला. दोष सापडला, खर्च एका रिलेचा. हे करून बघणाऱ्यांना एकच विनंती, तो पंखा न सांगता सुरू होतो. बोटं, ओढणी, गळ्यातला टॉवेल, सगळं लांब ठेवा.

पंखा फिरतोय आणि तरी उभ्या गाडीत हवा गरम येत असेल तर समोरच्या जाळीत बॅटरी मारून बघा. आपल्याकडे धूळ आहेच. अक्कलकोट रोडला चादरी-टॉवेलच्या कारखान्याच्या आवारात रोज गाडी लावत असाल तर सुताचा भुगाही निघेल. साध्या पाइपनं धुवा. वॉशिंग सेंटरची जोरातली धार नको, कंडेन्सरच्या पातळ पात्या मुडपतात.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. खरंच कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं, त्यामुळं गळतीच्या जोडावर तेलकट डाग आणि त्याला चिकटलेली माती दिसते. गळती न शोधता गॅस भरणारा मिस्त्री असेल तर तुम्ही परत येणार हे त्याला ठाऊक असतं.

दुसरा एक प्रकार. पुण्याला निघालात, टेंभुर्णीपर्यंत झकास, इंदापूरला हवा येईनाशी होते. चहाला थांबून परत बसलात की सगळं सुरळीत. आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय तो, आणि चहाच्या वेळात वितळतो. आधी आतली हवा गाळणारा केबिन फिल्टर तुंबलाय का, काढून बघा, बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागं हातानं निघतो. गाडीखाली पाणी ठिबकतं त्याची काळजी नको. ते पाणी शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या पायात यायला लागलं तर मात्र निचऱ्याची नळी तुंबलीय.

ज्यांच्या गाडीत २४ अंश लावला की पुढचं गाडी बघते, त्यांची गंमत वेगळी. तिथं सेन्सर असतात. एक डॅशबोर्डवर, ऊन मोजणारा, आणि नेमका त्याच्यावर आपण टॉवेल अंथरतो. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! मग गाडीला वाटतं ऊन नाहीच, आणि ती थंडी कमी करते. दुसरा स्टिअरिंगजवळ बारीक जाळीमागं, आतली हवा मोजणारा. त्या जाळीला पातळ कागदाचा तुकडा लावा. बऱ्याच गाड्यांत ती जाळी हवा आत ओढते, कागद चिकटायला हवा.

टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत तर एसी स्वतःची तपासणी करतो. ऑटो आणि आतली हवा फिरवण्याचं, अशी दोन बटणं दाबून धरायची आणि चावी ऑन करायची. दिवे लुकलुकतात, मग आकडे येतात. ०० आलं तर ठीक. २१ आलं तर उन्हाचा सेन्सर. पण हीच तपासणी बंद पार्किंगमध्ये केलीत तरी २१ येऊ शकतो, कारण त्याला ऊनच दिसत नाही. गाडी उन्हात लावून करा. उन्हाची आपल्याकडे ददात नाही.

आता इंजिन. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. कोड म्हणजे पोलिसात दिलेली फिर्याद समजा. आरोपी कोण, ते तपासानंतरच कळतं. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. तक्रार धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरनं केलेली असते, म्हणून लोक सेन्सरच बदलतात, आणि तडकलेला असतो एखादा रबरी पाइप. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवा. कोड ०३०२ झाला तर कॉइल गेली. ०३०१ च राहिला तर प्लग बघा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर जपून घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग खराब करतं.

मला तो स्कॅनर आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. हल्ली कित्येक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा. तो लाल होईपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅनर सरळ आकडा दाखवतो. बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंशांच्या मधे तो खेळत राहतो. एसी लावून, गाडी उभी ठेवून, पाच मिनिटं तो आकडा बघा. चढतच चालला तर पंखा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), रेडिएटर, काहीतरी बिघडलंय.

आणि वाटेत उकळलीच तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात गाडीतली माणसं तुम्हाला वेड्यात काढतील, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात कडेला जागा मिळते. मग इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं. पुरतं निवू द्या. गावापर्यंत पोचायला बाटलीतलं पाणी घातलं तर चालेल, नंतर कूलंटच भरून घ्या. बोअरचं पाणी नको. बंबाच्या तळाशी काय साचतं ते घरी विचारा, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतं.

नमस्कार.