सप्टेंबरची सभा आणि गावचा फौजी

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर आला की उद्योजक संघटनांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस येतात. हिशेब मंजूर होतात, लेखापरीक्षक नेमले जातात, नवी कार्यकारिणी येते आणि मग सत्कार. यंदा आमच्या संघटनेने सत्काराचा मान सैनिकांना द्यायचं ठरवलं आहे. परिसरातले माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नी, छावणीतले अधिकारी आणि सैन्याला लागणारे सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक, सगळे एका मंचावर येतील. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एक छोटं मशिन शॉप चालवतो आणि या सभेच्या तयारीत आहे.

या सत्काराला सप्टेंबरपेक्षा चांगला महिना नाही. मराठवाडा मुक्तीचा लढा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली इथल्या माणसांनी लढला, गावोगाव सोसला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. मेजर जनरल चौधरी त्या फौजेचे सेनापती होते. दुसरीकडून आलेल्या तुकड्या दौलताबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर आणि जालना या वाटेने गेल्या. 17 तारखेला निजामाने हार मानली. तेव्हा या भागात कारखाना म्हणजे कापसाचं जिनिंग-प्रेसिंग आणि एखाददुसरी कापड गिरणी. पुढे चिकलठाणा, वाळूज या औद्योगिक वसाहती झाल्या, 1985 मध्ये बजाज आलं आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहतं आहे. या सगळ्याच्या आधी इथे स्वातंत्र्य यावं लागलं, आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यावर सैनिक उभा होता. उद्योजकांनी ही आठवण ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक पाहा. शहरातून वाळूजकडे जाणारा मोठा रस्ता नगर नाक्याजवळ छावणीतून जातो. रोज सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या तिथून भरून जातात. इकडे परेड चालू असते, तिकडे पहिल्या शिफ्टची घाई. इतकी वर्षं शेजार आहे, तरी दोन्ही बाजूंची खरी ओळख झालेली नाही.

आज मला जे सांगायचं आहे, ते इथूनच सुरू होतं. आपल्या कारखान्यांत माजी सैनिक दिसतो, पण बहुतेक वेळा तो गेटवर दिसतो. निळा किंवा खाकी गणवेश, हातात रजिस्टर, येणाऱ्या गाडीचा नंबर लिहून घेतो. सुरक्षेचं काम कमी दर्जाचं आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. ते काम फौजी जसं करतो तसं दुसरा कोणी करत नाही आणि माजी सैनिकांसाठीच्या मेस्कोसारख्या सरकारी महामंडळाने त्यातून कितीतरी घरं उभी केली आहेत. पण त्या माणसाने पलटणीत काय केलं, हे कुणी विचारतं का?

साधा शिपाई म्हणून भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी येतो, तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या आत-बाहेर असतं. मुलं शाळेत, घर अर्धवट, आणि अंगात काम करण्याची पूर्ण ताकद. तो ई.एम.ई.मध्ये, म्हणजे सैन्याची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात असेल, तर त्याने ट्रकपासून रणगाड्यापर्यंत इंजिनं उघडून बांधली आहेत. सिग्नल्स या संदेशवहन दलात असेल, तर उणे तापमानात तारायंत्रणा आणि रेडिओ चालू ठेवला आहे. बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात असेल, तर पूल बांधले आहेत. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये असेल, तर रसद, साठा, वाहतूक हे सगळं हाताखालून गेलं आहे. आपण मेंटेनन्स फिटर मिळत नाही, भरवशाचा स्टोअरकीपर मिळत नाही, शिफ्ट सांभाळणारा सुपरवायझर टिकत नाही, अशी तक्रार करतो, आणि ती माणसं आपल्याच गेटवर उभी असतात.

असं का होतं, याचा विचार मी बराच केला. कंपनीतला भरती करणारा माणूस अर्जात आयटीआय शोधतो, डिप्लोमा शोधतो. फौजीच्या डिस्चार्ज बुकात त्याची ट्रेड, त्याचे कोर्स, त्याची श्रेणी, सगळं लिहिलेलं असतं, पण ते सैन्याच्या भाषेत. वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि अर्ज बाजूला पडतो. फौजीही आपल्याबद्दल फार बोलत नाही. ‘साहेब, ड्युटी केली’ एवढंच सांगतो. मग सुरक्षा एजन्सीचा मार्ग सोपा पडतो.

उपाय अवघड नाही. कागद बाजूला ठेवा आणि त्याला मशिनपाशी न्या. बंद पडलेला कॉम्प्रेसर दाखवा, बिघाड शोधायला सांगा. स्टोअरमध्ये नेऊन साठा मोजायला सांगा. माणूस तासाभरात कळतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र त्याने पाहिलेलं नसेल, तर तीन-चार महिने शिकवावं लागेल. पण वेळेवर येणं, हत्यार जागेवर ठेवणं, सुरक्षेचा नियम स्वतः पाळून दुसऱ्याला पाळायला लावणं, हे त्याला शिकवावं लागणार नाही. प्रेस शॉपमध्ये ज्यांनी कुणाचं बोट गेलेलं पाहिलं आहे, त्यांना या शेवटच्या गुणाची किंमत माहीत आहे.

ही गोष्ट आता अधिक निकडीची आहे. सैन्यभरतीची अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. चार वर्षांच्या सेवेनंतर 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होणार, बाकीचे परत येणार. पहिली तुकडी 2022 संपताना आणि 2023 सुरू होताना प्रशिक्षणाला दाखल झाली. चार वर्षं मोजा. बीड, लातूर, नांदेड, परभणीतल्या गावांतून गेलेली ही मुलं विशी-पंचविशीत परत येतील. हातात सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणारे काही लाख असतील, पण पुढे अख्खं आयुष्य आहे. कोरडवाहू दोन-तीन एकरांवर त्यांनी काय करायचं? ती आल्यावर विचार सुरू केला तर उशीर होईल, म्हणून आमच्या सभेत हा विषय सत्काराच्या आधी घ्यावा, असा आग्रह मी धरला आहे.

दुसरी बाजू मालाची. मराठवाड्यात आयुध निर्माणी नाही, पण शेजारी भुसावळ आणि वरणगाव आहेत, ओझरला विमानं बनवणारं एचएएल आहे, अहिल्यानगरला सैन्याच्या वाहनांचं संशोधन चालतं. ऑगस्ट 2020 पासून संरक्षण मंत्रालयाचं ‘सृजन’ पोर्टल आहे. आजवर परदेशातून आणलेल्या आणि इथे बनवता येतील अशा वस्तू त्यावर पाहायला मिळतात. बुश, पिन, गॅस्केट, ब्रॅकेट अशा कामाला लागणारी यंत्रं आपल्याकडे आहेतच. अडचण वेगळी आहे. दुचाकीचा भाग आपण दिवसाला हजारांनी काढतो, सैन्याला कदाचित वर्षाला पन्नासच नग लागतील. प्रत्येक नगामागे धातू कुठून आला, कोणत्या हीटचा म्हणजे भट्टीच्या कोणत्या ओतणीचा, कुठे तपासला, याचा कागद हवा. नमुना मंजूर व्हायला वेळ जातो, तोवर पैसा अडकतो. एकट्या लघुउद्योजकाला हे झेपत नाही. चार-पाच जणांनी मिळून तपासणी आणि कागदपत्रं सांभाळली तर झेपेल, आणि गुणवत्ता तपासणीत आयुष्य घालवलेला एखादा निवृत्त सुभेदार या कामाला मिळाला, तर त्याच्याइतका योग्य माणूस नाही. दोन्ही प्रश्न इथे एकमेकांना भेटतात.

मोठ्या कंपन्यांसाठी एक आठवण. कंपनी कायदा 2013 प्रमाणे सामाजिक दायित्वाचा जो खर्च करायचा असतो, त्यात माजी सैनिक, युद्धात पती गमावलेल्या भगिनी आणि त्यांचे अवलंबित यांच्यासाठीचा खर्च धरला जातो. वीरपत्नीच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यातून होऊ शकतं. आपल्या शहरात 1977 पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलं घडवते. त्या मुलांना आम्ही सभेला पुढच्या रांगेत बसवणार आहोत, आणि दुसऱ्या दिवशी कारखाने दाखवायला नेणार आहोत. उद्याच्या अधिकाऱ्याने गिअर कसा कापतात, हे एकदा डोळ्यांनी पाहावं.

शेवटी थोडं कामाचं. ऐकणाऱ्यांत जे माजी सैनिक असतील, त्यांनी डिस्चार्ज बुक आणि केलेल्या कोर्सची प्रमाणपत्रं घेऊन आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं. नोंदवलेलं असेल, तर फोन नंबर आणि पत्ता बदलला आहे का, ते पाहावं. अर्जात नुसतं ‘माजी सैनिक’ लिहू नका. कोणत्या गाड्या दुरुस्त केल्या, किती माणसं हाताखाली होती, कोणता साठा सांभाळला, ते साध्या मराठीत लिहा. आणि उद्योजक बंधू-भगिनींनो, पुढची जागा रिकामी झाली की जाहिरातीआधी त्याच कार्यालयाला एक पत्र पाठवा. पदाचं नाव, काम, पगार, शिफ्ट आणि राहण्याची सोय आहे की नाही, एवढं त्यात स्पष्ट असू द्या.

नमस्कार.