नाण्याची एकच बाजू

[दृश्य : रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागा. मग शाळेचा संगणक कक्ष. एका पडद्यासमोर तिघे विद्यार्थी.]

निवेदन :

'केळीला ठिबक सिंचन सक्तीचे करावे का?' नववी-दहावीला निबंधासाठी हा विषय दिला की बहुतेक वह्यांत आधी फायदे येतात, मग तोटे आणि शेवटी 'नाण्याला दोन बाजू असतात'. माहिती मिळते, पण वाद उभा राहत नाही. त्यासाठी पहिल्याच परिच्छेदात बाजू घ्यावी लागते, तीही एका वाक्यात : 'रावेर-यावलमध्ये नव्या केळीला ठिबक सक्तीचे करावे, कारण विहिरी खोल चालल्या आहेत.'

[दृश्य : गूगल डॉक्समधला तक्ता.]

मग तीन रकाने आखायचे. कारण, पुरावा, आणि या पुराव्याने ते कारण कसे सिद्ध होते. तिसरा रकाना हमखास रिकामा राहतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे अगदी खरे. पण त्यातून ठिबकबद्दल काय सिद्ध होते? काहीच नाही. ती ओळ काढायची, कितीही अभिमानाची असली तरी.

नुसते 'ठिबकचे फायदे' शोधले तर नळ्या विकणाऱ्यांचीच पाने पुढे येतात. तालुक्याचे नाव आणि 'भूजल अहवाल' हे शब्द जोडायचे. जुन्या सरकारी पीडीएफमधला मजकूर उचलून चिकटवला तर अक्षरांची खिचडी होते, कारण त्यांचा फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखा वाचला जाणारा, नसतो. तिथला आकडा हातानेच टाइप केलेला बरा.

[दृश्य : मोबाइलवर बोलणारी विद्यार्थिनी.]

घरी अहिराणी बोलणारी मुले तोंडी वादात तरबेज असतात. कागदावर तीच गप्प होतात. डॉक्सच्या आवाजी टंकलेखनात मराठी आहे, अहिराणी नाही. म्हणून आधी फोनच्या रेकॉर्डरवर अहिराणीत भांडून घ्यायचे, मग ऐकत ऐकत मराठीत लिहायचे. थेट मराठीत बोलून लिहिले, तर विरामचिन्हे मागून हाताने घालायची तयारी ठेवावी.

[दृश्य : चॅटबॉटचा पडदा.]

चॅटबॉटला निबंध मागायचा नाही, विरोधक व्हायला सांगायचे : 'तू यावलचा दोन एकरांचा केळीवाला आहेस. माझ्या दाव्यावर तीन आक्षेप घे. निबंध लिहू नकोस.' वीज रात्री येते, ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंब सोडणारी तोंडे, क्षाराने चोंदतात, पैसा आणायचा कुठून, असे आक्षेप येतात. त्याने सांगितलेला आकडा किंवा अहवालाचे नाव मात्र मूळ जागी तपासल्याशिवाय घेऊ नये. नसलेले अहवालही तो ठणकावून सांगतो.

पैशाच्या आक्षेपावर मुले लिहितात, '८० टक्के अनुदान मिळते, मग अडचण कसली?' इथे खोलात जावे लागते. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याकडून पूरक २५ टक्के, असे ते ८०. इतर शेतकऱ्यांना ७५. तेही सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर, दुकानाच्या बिलावर नव्हे. शिवाय रक्कम खात्यात येते ती संच बसवल्यानंतर. म्हणजे आक्षेपात दम आहे. तो मान्य करून दावाच बदलायचा : 'सक्ती करावी, पण लहान शेतकऱ्याला अनुदान आगाऊ द्यावे.'

[दृश्य : आवृत्ती-इतिहासाचा पडदा.]

तपासताना शिक्षकांनी डॉक्समधला आवृत्ती-इतिहास, म्हणजे मजकूर कधी कसा बदलला याची नोंद, उघडावा. तीनशे शब्द एका मिनिटात अवतरले, तर ते कुठून आले हे विचारावे. पण त्याआधी पहिला परिच्छेद बघावा. आक्षेप आल्यानंतरही तो जसाच्या तसा राहिला असेल, तर आक्षेप नुसता उतरवून घेतला आहे, त्याला उत्तर दिलेले नाही.