२६.१ टक्के आणि एक ‘बरं’

[दृश्य: पहाटेचा नाका. पेपरचे गठ्ठे सुटतायत, पुरवण्या आत सरकवल्या जातायत.]

१३ जून २०२३, मंगळवार. महाराष्ट्रात घरोघरी पेपर पडला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत राजकारण तापलं. पेपरात पानभर जाहिरात होती. ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे.’ फोटो दोघांचेच. त्याखाली एका सर्वेक्षणाचे आकडे. मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे हवेत असं २६.१ टक्के लोक म्हणतात, देवेंद्र फडणवीस हवेत असं २३.२ टक्के.

फडणवीस तेव्हा उपमुख्यमंत्री होते. पक्ष त्यांचा मोठा, १०५ आमदार निवडून आणलेला. जाहिरातीत त्यांच्या वाट्याला आकडा आला, फोटो नाही. बाळासाहेब ठाकरेंचाही नव्हता.

[दृश्य: जाहिरातीवरून सरकणारा कॅमेरा, दशांश चिन्हावर थांबतो.]

त्याच दिवशी कोल्हापुरात ‘शासन आपल्या दारी’चा कार्यक्रम होता. मुख्यमंत्री गेले. उपमुख्यमंत्री गेले नाहीत. कान दुखतोय, विमानप्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं कारण आलं. कान दुखत असेलही. पण त्या दिवशी महाराष्ट्रात त्या कानाइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याच अवयवाची झाली नसेल. भाजपचे खासदार अनिल बोंडे यांनी बेडूक आणि हत्ती काढले: बेडूक कितीही फुगला तरी त्याचा हत्ती होत नाही. शिंदेंच्या बाजूने खुलासा आला की जाहिरात पक्षाची नाहीच, कुणा हितचिंतकाने दिलीय. हितचिंतक कोण, हे विचारायची संधी अजित पवारांनी सोडली नाही. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात नवी जाहिरात. या वेळी बाळासाहेब होते, आनंद दिघे होते, फडणवीस होते, मंत्रीही होते. आता ठळक आकडा ४९.३. म्हणजे २६.१ अधिक २३.२. काल दोघांची तुलना करणारे आकडे एका रात्रीत बेरजेला बसले. पुढे पालघरच्या व्यासपीठावर दोघं एकत्र आले आणि शिंदेंनी आपल्या दोस्तीला फेविकॉलच्या जोडाचा दाखला दिला.

आता तो २६.१ जरा उन्हात धरून बघू.

शंभरातल्या सव्वीस लोकांनी शिंदेंचं नाव घेतलं, म्हणजे चौऱ्याहत्तरांनी घेतलं नाही. फडणवीसांचं सत्त्याहत्तरांनी घेतलं नाही. दोघांची बेरीज केली तरी निम्मा महाराष्ट्र बाहेरच उरतो. शिवाय दोघांतला फरक २.९ टक्क्यांचा. हजारेक लोकांच्या नमुन्यात एकेका आकड्यातच तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात आणि दोन आकड्यांतल्या फरकात तर त्याहून जास्त. हे सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ‘साधारण बरोबरीत’ अशी पानभर जाहिरात कोण देईल?

आणि मुळात प्रश्न काय होता? ‘मुख्यमंत्री कोण हवा?’ हा एक प्रश्न. ‘आहे त्याच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का?’ हा दुसरा. ‘उद्या निवडणूक झाली तर मत कोणाला?’ हा तिसरा. एकाच माणसाची या तिन्हींना तीन उत्तरं असू शकतात, आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. टीव्हीवर मात्र तिन्हींचं नाव एकच: लोकप्रियता.

[दृश्य: मातीचा रस्ता, लिंबाची सावली, ओटा. ओट्यावर निवडायला घेतलेली तूर.]

समाधानाचा प्रश्न दारात कसा दिसतो ते मी जवळून पाहिलंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत एका सर्व्हेवाल्यांकडे काम केलं. परभणी जिल्हा. खांद्याला झोळी, हातात पॅड, दिवसाला वीस फॉर्म. फॉर्ममागे पैसे. वीसांत आठ बायका हव्यात, त्यातल्या तीन पन्नाशीपुढच्या, असा कोटा.

एका ओट्यावर एक आजी सूप घेऊन बसलेल्या. मी प्रश्न वाचला, कागदावर होता तसाच. मुख्यमंत्र्यांच्या कामगिरीबाबत आपण खूप समाधानी आहात, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी की अजिबात समाधानी नाही?

त्यांनी सूप खाली ठेवलं. “कोणाकडून आलास बाबा?”

“कोणाकडून नाही आजी, सर्व्हे आहे.”

“मग नाव कशाला लिहून घ्यायलास?”

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता, पण नंतर लक्षात आलं, प्रत्येक दारात पहिला तोच असतो. गावात कागद घेऊन येणारा माणूस कुठल्या तरी यादीसाठी येतो. घरकुलाची यादी, निराधारची यादी, रेशनची यादी. त्यातून नाव कटू नये, हे उत्तर देणाऱ्याचं पहिलं काम. साहेबांबद्दल वाईट बोलून उद्या पगार बंद झाला तर? संजय गांधी निराधारच्या पैशाला तिकडे पगारच म्हणतात.

मी परत विचारलं. आजींनी शेजारच्या ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं हाय की.”

बरं. आता या ‘बरं’चं काय करायचं? तापातून उठलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो. नावडतं स्थळ आलं की ‘बरं आहे’ म्हणतात. न पटलेलं ऐकून घेतानाही ‘बरं’ म्हणतात आणि फोन ठेवताना तर सगळेच म्हणतात. मराठीतला हा सगळ्यात कामाचा शब्द, आणि तोच फॉर्मवर नाही.

[दृश्य: फॉर्म जवळून. चार चौकटी. बॉलपेनचं टोक एका चौकटीवरून दुसरीवर.]

आता पद्धती सुधारल्यात. लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था मतदार यादीतून नावं काढतात आणि त्याच माणसाच्या घरी जातात, कोपऱ्यावर भेटेल त्याला विचारून भागत नाही. मत कोणाला, हे तोंडाने सांगायला लावत नाहीत. खोटी मतपत्रिका देतात, खूण करा आणि पेटीत टाका. आजींना त्या दिवशी तशी पेटी मिळाली असती तर शेजारच्या ओट्याकडे बघायची वेळ आली नसती. दुसऱ्या टोकाला फोनवरचे सर्व्हे. समाधानी असाल तर एक दाबा. तिथे बहुतेक जण लाल बटण दाबतात, आणि उरलेल्यांवरून राज्याचं मत ठरतं.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात एका पातेल्यातला हवा. महाराष्ट्रात पाच-सहा पातेली आहेत. विदर्भाचा जाळ वेगळा, कोकणाचं पाणी वेगळं, मुंबईत तर कुकर. सगळ्यांतली चार-चार शितं एका ताटात घेऊन भात किती टक्के शिजला ते सांगायचं, तेही दशांश चिन्हासह!

[दृश्य: जुनी चित्रफीत. ‘वर्षा’ बंगल्याचं फाटक.]

मागे जाऊ. जुलै २०२१. ‘प्रश्नम’ या संस्थेने १३ राज्यांत विचारणा केली आणि देशातले सर्वांत लोकप्रिय मुख्यमंत्री ठरले उद्धव ठाकरे. त्यांच्या राज्यातल्या ४९ टक्के लोकांनी काम उत्तम आहे, पुन्हा मत देऊ, असं सांगितलं. कोरोनाचा काळ, फेसबुकवरून घरातल्या वडीलधाऱ्यासारखं बोलणारा मुख्यमंत्री. आकडा पटण्यासारखा होता. वर्षही झालं नाही तोच आमदार सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला. २९ जून २०२२ ला ठाकरेंनी फेसबुकवरूनच राजीनामा जाहीर केला. या सगळ्यात त्या ४९ टक्क्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, विधानसभेत टक्के उभे राहत नाहीत, आमदार उभे राहतात.

मात्र पक्षात फूट पडली नाही तरी आकडा दगा देऊ शकतो. त्यासाठी ओडिशात जावं लागेल.

[दृश्य: भुवनेश्वर. पांढऱ्या कुर्त्यातले नवीन पटनाईक हात जोडतायत.]

फेब्रुवारी २०२४ मधलं ‘मूड ऑफ द नेशन’ सर्वेक्षण. स्वतःच्या राज्यात सर्वांत लोकप्रिय मुख्यमंत्री कोण? नवीन पटनाईक, ५२.७ टक्के. योगी आदित्यनाथांच्याही पुढे. सलग २४ वर्षं सत्तेत असलेला माणूस अजून पहिल्या नंबरवर. चारच महिन्यांनी निकाल लागला. १४७ पैकी भाजप ७८, बिजू जनता दल ५१. पटनाईक दोन जागांवर उभे होते. हिंजिलीत जेमतेम निसटले आणि कांटाबांजीत चक्क पडले.

मग सर्वेक्षण खोटं होतं? मला तसं वाटत नाही. मतांचे आकडे बघा, दोन्ही पक्षांना चाळीस-चाळीस टक्के मिळालीत, त्यातही बिजद किंचित पुढे. लोकांना नवीनबाबू आवडतच होते. पण बटणासमोर नाव असतं स्थानिक आमदाराचं, आणि त्याच्यावरचा राग आकड्यात कुठे येतो? शिवाय प्रचारात रोज एकच विषय होता: मूळचे तमिळ, सनदी नोकरी सोडून आलेले व्ही. के. पांडियन. राज्य नवीनबाबू चालवतात की ते? म्हातारा चांगला आहे, पण किल्ल्या कोणाकडे? हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर बसत नाही.

[दृश्य: पक्ष कार्यालय. बंद दार, बाहेर चपलांचा ढीग.]

मतदाराला वाटतं, सर्व्हे टीव्हीसाठी असतात. राजकारणातल्या माणसाला विचारा. त्याची झोप उडवणारा सर्व्हे टीव्हीवर येतच नाही. ‘तुमचा सर्व्हे निगेटिव्ह आलाय,’ हे वाक्य बंद खोलीत ऐकवलं जातं. कागद दाखवत नाहीत. किती लोकांना विचारलं, कधी विचारलं, काही नाही. २०२४ च्या लोकसभेला शिंदेंच्या शिवसेनेने हिंगोलीत हेमंत पाटलांची उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांत मागे घेतली. शेजारी यवतमाळ-वाशिमला पाच वेळा खासदार झालेल्या भावना गवळींचं तिकीट कापलं आणि ते हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना दिलं. मित्रपक्षाच्या सर्व्हेचा हवाला तेव्हा उघड चर्चेत होता. सर्व्हेचं ऐकून उमेदवार बदलले आणि दोन्ही जागा गेल्या, ठाकरेंच्या शिवसेनेकडे.

त्या निवडणुकीत महायुती १७, महाविकास आघाडी ३०. मतांतला फरक अर्धा टक्कासुद्धा नाही. बहुतेक एक्झिट पोल याच्या उलट सांगत होते. सहा महिन्यांनी विधानसभेला महायुतीला २३० जागा मिळाल्या, आणि हाही निकाल बहुतेकांच्या अंदाजापेक्षा पार पुढे गेला. मध्ये काय झालं म्हणाल तर लाडकी बहीण झाली. महिन्याला १,५०० रुपये, आणि पुन्हा एक यादी.

[दृश्य: आझाद मैदान, ५ डिसेंबर २०२४. व्यासपीठ.]

भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७. शपथ फडणवीसांनी घेतली. त्यांच्यानंतर, उपमुख्यमंत्री म्हणून, शिंदेंनी. दीड वर्षापूर्वीचे २६.१ आणि २३.२ त्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हते.

[दृश्य: पुन्हा तोच ओटा. संध्याकाळ.]

त्या आजींकडे परत येतो. फॉर्म संपला, मी उठलो. त्या म्हणाल्या, “झालं व्हय? डीपी जळून बारा दिवस झाले, ते लिवलं का?” गावाचा ट्रान्स्फॉर्मर. बारा रात्री अंधार, वावरातलं पाणी बंद. मी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘डीपी, १२ दिवस’. संध्याकाळी सुपरवायझरने गठ्ठा मोजून घेतला. मागची बाजू त्याने बघितली नाही.

त्या दिवशी वीस घरांपैकी सात घरांत मला ‘बरं’ हे उत्तर मिळालं. सातही ठिकाणी मी ‘काहीसे समाधानी’वर खूण केली.